वृक्षांची आणेवारी

पीक किती आणे उतरलें, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यांत ज्या कळकळीनें विचारला जातो, तितक्या कळकळीनें दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जात असेल. आण्याचें नाणें गेलें, आणेवारीची पैसेवारी झाली, तरी जुन्या माणसांच्या तोंडीं 'सोळा आणे पीक' हेंच मोजमाप अद्याप आहे. आधीं नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम, अशा तीन वेळां शिवाराकडे पाहण्याची रीत सरकारनें घालून दिली आहे. आणि ती नीट पाळली गेली नाहीं म्हणजे गांवोगांव तक्रार होते. परंतु त्याच शिवाराच्या बांधावर उभा असलेला कडुनिंब, ओढ्याकांठची बाभूळ, किंवा ज्या डोंगरांवरून आपलें पाणी येतें तेथील रान यंदा किती आणे आहे, हें कोणीं कोणास विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तें दरसाल विचारलें जावें आणि त्याचें उत्तर लिहून ठेवलें जावें, इतकेंच या लेखांत मांडावयाचें आहे.

पुणतांब्यास आमच्या शेताच्या पूर्वेकडील बांधावर सात कडुनिंबांची ओळ होती. त्यांपैकीं एक झाड गेल्या उन्हाळ्यांत वठलें. चार शेजारी जमले व चौघांनीं चार कारणें सांगितलीं. एक म्हणाला, पाटाच्या पाझरानें जमीन चोपण झाली आहे, मुळें खारावलीं. दुसऱ्यानें कूपनलिकांस दोष दिला. तिसऱ्याच्या मतें ही शेंडेमर, बुरशीचा रोग. चौथ्यानें आठवण दिली कीं, नळ टाकण्यासाठीं यंत्रानें चर खणला तेव्हां याच बाजूचीं मुळें तुटलीं होतीं. चारहि कारणें पटण्याजोगीं होतीं. शेवटीं वनस्पतींचें ज्ञान असलेल्या एका स्नेह्यानें एवढेंच विचारलें, "शेंडे वाळूं लागले ते केव्हांपासून?" त्या झाडाखालीं आम्हीं तीस वर्षें भाकरी खाल्ली आहे, परंतु या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. केव्हांपासून हें ठाऊक असतें, तर तो चर आधींचा कीं नंतरचा, कूपनलिका आधींची कीं नंतरची, हें ताडून चारांपैकीं दोन कारणें तरी तेथल्या तेथें बाद करतां आलीं असतीं. उरलेल्या सहा झाडांसाठीं काय करावें, हें मग ठरवितां आलें असतें.

जी गोष्ट सात झाडांची, तीच सबंध राज्याच्या वनांची आहे. झाडें मोजण्याचा उत्साह आपल्याकडे कमी नाहीं. २०१६ सालीं महाराष्ट्रांत २ कोटि, २०१७ सालीं ४ कोटि, २०१८ सालीं १३ कोटि आणि २०१९ सालीं ३३ कोटि झाडें लावण्याचे संकल्प सरकारनें सोडले. संकल्प चांगलेच होते. परंतु लावणी हा एका दिवसाचा समारंभ आहे, आणि झाडाचें आयुष्य त्या दिवसानंतर सुरू होतें. पेरलें किती यावरून जर कोणी पिकाची आणेवारी काढूं लागला, तर त्यास आपण शेतांत पाऊल ठेवूं देणार नाहीं. वृक्षांच्या बाबतींत मात्र हाच हिशेब आपण मुकाट्यानें मान्य करीत आलों आहों.

वनांची दुसरी मोजदाद आकाशांतून होते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८१ मध्यें स्थापन झाली, आणि १९८७ पासून साधारणपणें दर दोन वर्षांनीं ती उपग्रहाच्या चित्रांवरून वनस्थितीचा अहवाल काढते. २०२३ सालचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत वनाच्छादन व वृक्षाच्छादन मिळून देशाच्या क्षेत्राच्या २५.१७ टक्के भरलें. महाराष्ट्राचें वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. हें काम मोठें आहे आणि त्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु त्याची व्याख्या वाचकांनीं लक्षांत घ्यावी. एक हेक्टर वा त्याहून अधिक जागा असावी आणि तिच्या दहा टक्के भागावर झाडांच्या शेंड्यांची सावली असावी, इतकें झालें कीं तें वनाच्छादन. मग जमीन कोणाची, झाड कोणतें, हें पाहिलें जात नाहीं. आमराई त्यांत येते. नदीकांठची गांवठी बाभूळ हटवून तिच्या जागीं माजलेली वेडी बाभूळहि त्यांत येऊं शकते. कारण ती परदेशांतून आली आहे, तिच्याखालीं गवत धरत नाहीं, व तिच्या कांट्यांनीं बैल लंगडतो, हें उपग्रहास दिसत नाहीं. त्यास हिरवें दिसतें, आणि तें खरेंच हिरवें असतें.

संस्थेचीं माणसें ठराविक ठिकाणीं जमिनीवर उतरून मापेंहि घेतात, हें सांगितलें पाहिजे. परंतु सबंध देशाचा अंदाज बांधणें हा त्यांचा हेतु असतो. एखादें रान दिसावयास भरलेलें असूनहि म्हातारें झालें असेल. त्याच्या तळाशीं एकहि रोप उगवत नसेल. जनावरांनीं व वणव्यानें प्रत्येक कोंभ खाल्ला वा जाळला असेल. असें रान चाळीस वर्षें हिरवें दिसेल आणि मग एकदम दिसेनासें होईल. ज्या घरांत म्हातारींच माणसें उरलीं आहेत, त्या घराची शिरगणती आज पुरी भरते, तसाच हा प्रकार आहे.

कोणी विचारील कीं, पुणतांब्यास वन कोठें आहे? ऊस, सोयाबीन, कांदा व गहूं यांच्या या सपाट काळ्या मुलुखांत वनाची चर्चा कशाला? त्यास उत्तर असें कीं, आपलें वन आपल्या शिवारांत नाहीं, तें नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेस आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. दारणा इगतपुरीच्या डोंगरांतून येते. त्यांचें पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशीं अडून कालव्यांत शिरतें, व त्यावर कोपरगांव-राहात्याकडील शेती गेलें शतकभर उभी आहे. त्या बंधाऱ्याच्या जलाशयांत इतका गाळ बसला कीं, तेथें बेटें व दलदल तयार झाली. पक्ष्यांस तें मानवलें. २०२० मध्यें त्या जागेस रामसर पाणथळाचा मान मिळाला, आणि तो महाराष्ट्रांतील पहिला होय. पक्ष्यांचा आम्हांस हेवा नाहीं. परंतु तो गाळ म्हणजे वरच्या उतारांची व शेतांची माती आहे, आणि जेथें गाळ बसला तेथें पाणी मावत नाहीं, हें पाटाच्या शेवटच्या चारीवरील शेतकऱ्यास कोणीं समजावून सांगावयास नको.

येथें एका अतिशयोक्तीपासून सावध राहिलें पाहिजे. वन वाढलें कीं पाऊस वाढतो, असें व्यासपीठांवरून सर्रास सांगतात. तितकें आम्ही म्हणत नाहीं. झाड स्वतःहि पाणी पितें, आणि भलत्या जागीं भलतें झाड लावल्यास विहिरीचें पाणी घटूं शकतें. परंतु रानाखालची माती जागेवर राहते, पावसाचा मार पानांवर व पाचोळ्यावर झेलला जातो, पाणी धांवण्याऐवजीं मुरतें, इतकें निर्विवाद आहे. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्यें नेमले गेले. रानें तुटल्यावर ओढे आटतात हेंच गाऱ्हाणें त्यांनीं सरकारपुढें मांडलें होतें. त्यास पावणेदोनशें वर्षें झालीं. या पावणेदोनशें वर्षांत ब्रह्मगिरीच्या उतारावरील अमुक शंभर झाडें दरसाल कशीं होतीं, अशी एक वही कोणीं ठेविली असती, तर आज वादविवाद निम्म्यानें कमी झाले असते.

अशी वही ठेवणें अशक्य नाहीं, हें युरोपनें दाखविलें आहे. १९८० नंतर जर्मनीच्या रानांतील झाडांचे शेंडे विरळ होऊं लागले. कारखान्यांच्या धुरानें पाऊस आम्लधर्मी झाला व वनें मरूं लागलीं, असा हाहाकार उडाला. कांहीं थोड्या वर्षांत देशांत वन उरणार नाहीं, असेंहि छापलें गेलें. तेव्हां १९८४ पासून तेथें दरवर्षीं ठराविक झाडांची पाहणी सुरू झाली, व १९८५ मध्यें युरोपांतील अनेक देशांनीं मिळून तोच उपक्रम आरंभिला. तो आजतागायत चालू आहे. सबंध खंडावर सोळा-सोळा किलोमीटरांची चौकट आंखून, जेथें रेघा मिळतात व वन आहे, तेथील तींच झाडें दरसाल उन्हाळ्यांत पाहतात. पाहणारा झाडापासून दूर उभा राहतो, दुर्बिणीनें शेंडा न्याहाळतो, आणि त्या जातीचें त्या जागचें निरोगी झाड जसें असावें त्याच्या मानानें पानें किती गळालीं, हें पांच-पांच टक्क्यांच्या पायरीनें लिहितो. ही आपली आणेवारीच नव्हे काय? फरक इतकाच कीं, हंगाम सुरू होण्यापूर्वीं सर्व पाहणाऱ्यांस एका रानांत नेऊन त्याच झाडांचे अंदाज स्वतंत्रपणें लिहावयास लावतात, आणि ज्याचा डोळा फार चढा वा फार उतरता असेल त्यास तेथेंच सुधारतात. आपल्या पैसेवारीस ही एक गोष्ट लाभली असती, तर किती भांडणें टळलीं असतीं!

या वहीनें पुढें काय केलें, तें अधिक बोधप्रद आहे. भाकीत केलें होतें तशीं जर्मनीचीं वनें मेलीं नाहींत. वहींतल्या आंकड्यांनींच तो हाहाकार शांत केला. धुरावर निर्बंध आले, गंधकाचें प्रमाण घटलें, आणि कोणत्या झाडांस त्याचा गुण आला व कोणत्यांस नाहीं, तेंहि लिहिलेलें सांपडलें. मग २०१८ ते २०२० या कोरड्या वर्षांनीं घाला घातला. सालींत शिरणाऱ्या भुंग्यांनीं स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी वृक्षाचीं रानेंच्या रानें उठविलीं. २०२१ च्या एप्रिलपर्यंत तेथें सुमारें पांच लाख हेक्टर वनाच्छादन नष्ट झालें. यावेळीं मात्र ही ओरड खोटी आहे असें कोणास म्हणतां आलें नाहीं. कारण पूर्वींच्या पस्तीस वर्षांची ओळ समोर होती.

आपल्या देशांतहि असें काम अगदींच नाहीं असें नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें १९८८ मध्यें मुदुमलाईच्या रानांत पन्नास हेक्टरांचा एक तुकडा आंखून त्यांतील एक सेंटीमीटरहून जाड अशा प्रत्येक खोडास क्रमांक दिला; कोणतें झाड हत्तीनें मोडलें, कोणतें वणव्यांत गेलें, हें तेथें वर्षानुवर्षें लिहिलें जात आहे. महाराष्ट्रांत वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत देवरायांची पाहणी केली, तीहि मोलाची. परंतु अशीं कामें थोडीं आणि विद्वानांच्या हातचीं आहेत. गांवाच्या हातचें एकहि नाहीं.

त्याचा परिणाम असा कीं, रोग येतो तो नेहमीं अचानक आल्यासारखा वाटतो. १९९७ च्या सुमारास मध्य प्रदेशांत मंडला-दिंडोरीकडे सालवृक्षांवर खोडकिड्याचा उद्रेक झाला व लक्षावधि झाडें तोडावीं लागलीं. २०२१ मध्यें तेलंगणांत कडुनिंबांचे शेंडे गांवेंच्या गांवें करपले. लोक घाबरले, पुढें त्यांतील पुष्कळ झाडें पुन्हां पालवलीं. उलट प्रकारहि घडतो. आपल्याच जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत, हरिश्चंद्रगडाच्या उतारांवर कारवी सात वर्षांनीं एकदां फुलते आणि फुलून झाल्यावर सारीच्या सारी वाळते. ज्यानें तें रान एकच वर्ष पाहिलें, त्यास ही महामारी वाटेल. ज्यानें आठ वर्षें पाहिलें, तो शांतपणें खालीं वाकून नवीं रोपें मोजील.

आतां शेतकऱ्यांच्या मनांतील खरा आक्षेप घेतों; कारण तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. झाडें लिहून दिलीं कीं सरकारी माणूस दारीं येतो, ही भीति आहे, आणि ती निराधार नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, वनखात्यानें डोंगर व कुरणें शेतकऱ्याच्या गुरांस बंद केल्याबद्दल जळजळीत शब्द आहेत. आजहि १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यानें आंबा, चिंच, जांभूळ यांसारखें स्वतःच्या बांधावरील झाड तोडावयास परवानगी लागते. त्यामुळें कित्येक शेतकरी असें झाड लहान असतांनाच उपटून टाकतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. ज्या गांवांतून १ जून २०१७ रोजीं शेतकऱ्यांच्या संपाची सुरुवात झाली, त्या गांवास सरकारी वहीचा संशय यावा यांत नवल नाहीं.

म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, ही वही सरकारची नसावी. ती शेतकरी-संस्थेची असावी, आणि तिच्यांतील नोंद कोणाविरुद्ध पुराव्यासाठीं वापरली जाणार नाहीं, असा ठराव पहिल्या पानावर असावा. तसेंच तिला पैसा बांधूं नये. पैसेवारीचा सर्वांत मोठा दोष तोच आहे. पन्नास पैशांच्या वर कीं खालीं, यावरून सूट-सवलती ठरत आल्या, म्हणून पाहणाराचा डोळा पिकावर राहिला नाहीं, त्या रेघेवर गेला. वृक्षाच्या आणेवारीस अनुदान जोडलें कीं दुसऱ्याच वर्षीं सगळ्या गांवाचीं झाडें हवीं तितक्या आण्यांचीं होतील.

काम फारसें अवघड नाहीं. गांवानें पंचवीस झाडें निवडावीं. देखणींच निवडूं नयेत, बरीं-वाईट सरमिसळ असावीं. बांधावरचे कडुनिंब, ओढ्याच्या बाभळी, चिंच, करंज, वड, नदीकांठचें एखादें जांभूळ. प्रत्येकास सैल तारेनें पत्र्याचा क्रमांक बांधावा. पाहणी तिथीवर करूं नये, तारखेवर करावी. अधिक मास आला कीं तिथि महिनाभर सरकते व झाडास पंचांग कळत नाहीं. कडुनिंब माघ-फाल्गुनांत आपण होऊन पानें टाकतो, तेव्हां त्या दिवसांत पाहून कांहीं कळावयाचें नाहीं. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आम्हांस योग्य वाटतो. पाऊस सरलेला असतो व पान भरलेलें असतें. छातीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, घेर मोजावा. शेंडा सोळा आण्यांपैकीं किती भरला आहे तें दोघांनीं वेगवेगळें लिहावें आणि मग एकमेकांस दाखवावें. वाळलेल्या फांद्या, खोडावरील भोंकें व डिंक, शेळ्यांसाठीं केलेली छाटणी, जाळ लागल्याच्या खुणा, आणि झाडाखालीं स्वजातीचीं किती रोपें आहेत, हेंहि टिपावें. या शेवटच्या आंकड्याकडे कोणी पाहत नाहीं, आणि आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जवळच्या विहिरीची पाण्याची पातळी लिहिल्यास उत्तम. एक दिवस पुरतो.

शाळेच्या मुलांस बरोबर घ्यावें, परंतु वही शाळेच्या कपाटांत ठेवूं नये. मास्तर बदलून जातात. दोन प्रती कराव्या. ई-पीक पाहणींत २०२१ पासून शेतकरी आपलें पीक स्वतःच नोंदवूं लागला आहे व बांधावरचीं झाडें लिहिण्याचीहि तेथें सोय आहे. परंतु तींत झाडांची संख्या येते, प्रकृति येत नाहीं. गांवांच्या वह्या दहा वर्षें टिकल्या तर त्या नोंदींत एक रकाना वाढविण्याची मागणी करतां येईल. त्याआधीं मागूं नये, असें आमचें मत आहे. ब्रह्मगिरी व इगतपुरीकडील गांवांशीं आपल्या संस्थेनें पत्रव्यवहार करून तेथेंहि अशी वही निघेल असें मात्र आतांच पाहावें. त्या वहीचे कागद व टपाल यांचा खर्च कालव्याखालच्या गांवांनीं उचलणें न्यायाचें आहे.

एक नियम मात्र कडक हवा. ज्या वर्षीं पाहणी झाली नाहीं, त्या वर्षाचा रकाना रिकामा ठेवावा; मागाहून अंदाजानें भरूं नये. आमच्या गांवीं चांगदेवांची समाधि आहे. योगबळानें चौदाशें वर्षें जगले अशी ज्यांची कथा, त्या चांगदेवांनाहि ज्ञानदेवांस पत्र लिहितांना मायना काय घालावा हें सुचेना, तेव्हां त्यांनीं कोरा कागदच धाडला, आणि त्या कोऱ्या कागदास पासष्ट ओव्यांचें उत्तर आलें. त्यांनीं भलताच मायना लिहिला असता, तर काय उत्तर आलें असतें कोण जाणे. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें १८४३ पासून एकाच शेतांत गव्हाचा प्रयोग चालू आहे; तो सुरू करणारीं माणसें केव्हांच गेलीं, पण वही गेली नाहीं, म्हणून आजहि लोक तिच्याकडे जातात. पहिल्या पांच वर्षांत आपल्या वहींतून विशेष कांहीं कळेल अशी आशा कोणीं धरूं नये. पाऊस एक वर्ष बरा, एक वर्ष ओढून धरणारा; झाड त्याप्रमाणें वरखालीं होणारच.

आमच्या बांधावर उरलेल्या सहा कडुनिंबांची पहिली नोंद या नोव्हेंबरांत आम्हीं व शेजाऱ्यानें मिळून केली. उत्तरेकडून आणे असे आले: चौदा, चौदा, बारा, पंधरा, दहा, चौदा. रोपें फक्त तिसऱ्या झाडाखालीं आढळलीं, तीं चार. दहा आण्यांचें झाड वठलेल्या झाडाच्या शेजारचें आहे. तें पहिल्यापासूनच विरळ होतें, कीं यंदाच विरळ झालें, हें आम्हां दोघांसहि सांगतां आलें नाहीं.